मोटारीतला पडद्याचा आवाज

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात २०२१ साली एका इमारतीच्या गच्चीवर २९० मोटारींचे ‘ड्राइव्ह-इन’ चित्रपटगृह सुरू झाले. तेथे आवाज मोटारीतल्या रेडिओवर ऐकू येतो. मोठा कर्णा का लावीत नाहीत? ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १०० मीटरवरच्या प्रेक्षकाला नटाचे ओठ हलल्यावर पाव सेकंदाहूनही उशिरा शब्द ऐकू येतील. रेडिओलहरी मात्र तत्क्षणी पोहोचतात.

जोडणी अशी : चित्रपटाचा आवाज प्रथम मिक्सरमध्ये, तेथून ‘लाइन आउट’मधून एफएम प्रक्षेपकात आणि पुढे अँटेनाकडे. अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकरकडे जाणारी तार प्रक्षेपकाला कधीही जोडू नये. तो जोर त्याला सोसत नाही. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये जिथे दुसरे केंद्र नाही अशी जागा निवडावी लागते. प्रक्षेपणाला सरकारी परवाना हवाच.

आमच्या भुईगावात असा खेळ लावायचा तर मोटार नसली तरी अडणार नाही. खिशातला एफएम रेडिओ आणि इअरफोन पुरे. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सर्वसाधारणपणे बंदी असते. रेडिओच्या खेळाने कोणा आजाऱ्याची झोप मोडणार नाही. आणि ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात आहे, तिथे परीक्षेच्या दिवसांत ही शांतता फार मोलाची असते.