घोट्यावरचा पट्टा

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा मुख्यतः मुलग्यांना होणारा जनुकीय आजार. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन तयार होत नाही आणि स्नायू झिजत जातात. औषधाचा गुण पाहायला मुलाला दवाखान्यात सहा मिनिटं चालवून अंतर मोजतात. पण दमलेलं, रुसलेलं पोर त्या दिवशी कमीच चालणार! घोट्यावर बांधलेला सेन्सर मात्र घरी, शाळेत, अंगणात पावलांचा वेग टिपत राहतो. सर्वांत वेगवान पाच टक्के पावलं कुठल्या वेगापासून सुरू होतात, हा त्यातला मोलाचा आकडा. मूल आपणहून जीव खाऊन पळतं, ते तिथं दिसतं. युरोपीय औषध संस्थेनं २०१९ मध्ये हा आकडा औषधचाचण्यांचा दुय्यम आणि २०२३ मध्ये मुख्य निकष म्हणून मान्य केला. चालणं थांबलेल्या मुलांना अर्थातच तो लागू नाही.