कुलपातली मराठी

तोंडावर साखर पेरून पोटात भलतेच काही ठेवणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? 'मानभावी'. मराठी घरात हा शब्द लागत नाही असा दिवस क्वचितच जात असेल. शिवाय आपल्याकडे एक म्हणही आहे : 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.' पण हा मानभाव म्हणजे कोण, याचा विचार हा शब्द वापरताना किती जण करतात? मानभाव म्हणजे महानुभाव. ज्या पंथाने मराठीला तिचा पहिला मोठा गद्यग्रंथ दिला, त्याच्याच नावाची मराठीने शिवी केली! उपकारकर्त्याची अशी परतफेड दुसऱ्या कुठल्या भाषेने केली असेल, तर ती मला ठाऊक नाही.

हे असे का झाले, या प्रश्नाचा माग काढू लागले की आपण एका मोठ्या गोष्टीपाशी येतो. वारसा जपायचा म्हणजे काय करायचे? तो कुलपात ठेवायचा, की चारचौघांत वाटायचा? महानुभावांनी सातशे वर्षांत या दोन्ही गोष्टी करून पाहिल्या आहेत.

मार्गातली माणसे

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरीवर यादवांचे राज्य होते. त्या काळात गुजरातेतून आलेले चक्रधरस्वामी गोदावरीच्या काठाने हिंडत होते. त्यांच्याभोवती हळूहळू माणसे जमली. त्यांत शास्त्री-पंडित होते तसे साधे खेडूतही होते. आणि विशेष म्हणजे बायका पुष्कळ होत्या. बाइसा, आबाइसा, उमाइसा, महदाइसा ही नावे त्या परिवारात पदोपदी भेटतात. या मंडळींना घर नव्हते, शेत नव्हते, साठवण नव्हती. गावात भिक्षा मागावी, जे मिळेल ते झोळीतून आणावे, स्वामींपुढे ठेवावे आणि प्रसाद म्हणून खावे. एका जागी मूळ धरू नये, झाडाखाली असावे, जिवाची हिंसा करू नये, असा त्यांचा क्रम. आपल्या या जगण्याला ते 'मार्ग' म्हणत.

पारध्यांपासून जीव वाचवायला आलेल्या सशाला स्वामींनी आसरा दिल्याची लीळा प्रसिद्ध आहे. बायकांचा विटाळ त्यांनी मानला नाही. देहाच्या इतर धर्मांसारखाच तोही एक धर्म, असे त्यांचे सांगणे होते. तेराव्या शतकात हे बोलणे सोपे नव्हते. अजूनही पुष्कळ घरांत ते सोपे नाही.

1274 च्या सुमारास स्वामी उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेली मंडळी रिद्धपूरला, स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्याजवळ येऊन राहिली. रिद्धपूर म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातले, मोर्शी तालुक्यातले गाव. गोविंदप्रभूंना बाहेरचे लोक वेडे समजत, आणि गावातले लोक मात्र त्यांना आई आणि बाप अशा दोन्ही नात्यांनी मानत. त्यांच्या सावलीत हा परिवार एकत्र नांदला. महदाइसेने तिथे रचलेले 'धवळे' हे मराठी स्त्रीचे पहिले उपलब्ध काव्य मानले जाते.

आठवणींची भिक्षा

स्वामी गेले, मग राहिले काय? आठवणी. परिवारातल्या म्हाइंभटाच्या मनात आले, की या आठवणी लिहून ठेवाव्यात. हा म्हाइंभट मूळचा गाढा पंडित, वादविवाद करणारा. पुढे तो स्वामींचा शिष्य झाला. त्याने परिवाराचे प्रमुख नागदेवाचार्य यांना विचारले. मग ज्याने ज्याने स्वामींना पाहिले होते, त्याला गाठून विचारले. गावोगाव हिंडून त्याने जणू आठवणींची भिक्षा मागितली. त्यातून 1278 च्या सुमारास 'लीळाचरित्र' उभे राहिले. ज्ञानेश्वरी 1290 ची. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या आधी सुमारे बारा वर्षे, बोलल्यासारख्या सोप्या मराठी गद्यात हे काम रिद्धपूरला चालले होते.

एक गोष्ट आजच्या संशोधकानेही शिकावी अशी आहे. दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर महानुभाव लेखकांनी त्यांतली एक खोटी ठरवून पुसून टाकली नाही. निराळी आठवण 'वासना' म्हणून शेजारी नोंदवून ठेवली. म्हणजे, एकाला असे आठवते आणि दुसऱ्याला तसे आठवते, हे वाचकाला उघड सांगितले. स्वतःच्या देवाविषयी लिहिताना इतका प्रामाणिकपणा दाखवणारे लोक. त्यांच्याच नावाचा अर्थ आपण ढोंगी असा केला!

पुढे यादवांचे राज्य ढासळले. त्या धामधुमीत मूळ पोथी हातची गेली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्या मुखातून ती पुन्हा जुळवण्यात आली. त्यात हिराइसा नावाच्या बाईच्या स्मरणशक्तीचा मोठा वाटा होता. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ एका बाईच्या पाठांतराने तरला, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी जरा मोठ्या अक्षरांत छापायला हरकत नाही.

कुलूप

मराठीविषयीचा या मंडळींचा आग्रह नागदेवाचार्यांच्या एका आठवणीत दिसतो. केशिराजव्यास हा संस्कृतात लिहिणारा विद्वान शिष्य. त्याला आचार्यांनी अडवले. तू संस्कृतात लिहिलेस तर माझ्या म्हाताऱ्या बायांना त्यातले काही कळणार नाही, त्या नाडल्या जातील, असा त्यांचा मुद्दा होता. ज्ञान कुणासाठी आहे, याचे इतके रोखठोक उत्तर त्या काळी दुसऱ्या कुणी दिले असेल असे मला वाटत नाही.

आणि नेमक्या याच पंथाने चौदाव्या शतकात आपल्या पोथ्यांना कुलूप घातले! रवळोव्यासांनी 'सकळ' लिपी केली, असे सांगतात. पुढे 'सुंदरी' आणि तिच्यासारख्या आणखी कितीतरी लिप्या निघाल्या. युक्ती अशी, की एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर लिहायचे, काही अक्षरांना नवीच चिन्हे द्यायची आणि वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी एखादी छोटीशी खूण ठरवायची. ज्याला किल्ली ठाऊक त्याला सरळ वाचता येई; इतरांना ती निव्वळ किरमिटे. ग्रंथ परक्याच्या हाती पडून विटंबना होऊ नये, पाठात कुणी ढवळाढवळ करू नये, आणि थोड्या जागेत पुष्कळ मजकूर मावावा, अशी यामागची कारणे अभ्यासक देतात. राजाश्रय नाही, वेदप्रामाण्य मानत नसल्यामुळे विद्वानांचा रोष पाठीशी, आणि वर परचक्र. अशा अवस्थेत माणूस घरातले सोने पुरून ठेवतो. यांनी शब्द पुरले.

हे कुलूप व्यर्थ गेले असे मुळीच नाही. लेखनिकांच्या हातून हातून जाताना इतर जुन्या मराठी ग्रंथांची भाषा पार पालटून गेली. महानुभावांच्या पोथ्यांत मात्र ती पुष्कळशी जुन्या वळणाची राहिली. लिपीच्या जोडीला पोथीला देव मानण्याची श्रद्धा होती. रुमालात बांधलेली पोथी मठात पूजेला असे, आणि तिच्या अक्षराला धक्का लावणे हे पाप.

पण कुलपाची किंमतही मोजावी लागली. जे दिसत नाही त्याविषयी लोक नेहमी वाईटच बोलतात. हे लोक काळी वस्त्रे नेसतात, वेगळे राहतात, कुणाला न कळणारे काहीतरी वाचतात. तेव्हा यांच्या पोटात नक्कीच पाप असले पाहिजे! गावगप्पांतून कथा झाल्या, कथांतून म्हण झाली, म्हणीतून विशेषण झाले. 'मानभावी' हा शब्द असा तयार झाला. ग्रंथ सुरक्षित राहिले, नाव मात्र बदनाम झाले.

किल्ली

विसाव्या शतकाच्या आरंभी हे कुलूप निघाले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी सांकेतिक लिपीचा उलगडा केला. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांनी महानुभाव कवींची ओळख सुशिक्षित मराठी वाचकाला करून दिली, यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी या वाङ्मयाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, नागपूरच्या ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून काढण्याचे काम हाती घेतले; आणि वि. भि. कोलते यांनी तर उभे आयुष्य या अभ्यासाला वाहिले. या विद्वानांचा गौरव आपण करतो, तो योग्यच आहे. पण ज्या महंतांनी शतकांचा संकोच बाजूला ठेवून रुमालाची गाठ सोडली, त्यांचे नाव कुणी घेत नाही. किल्ली बाहेरून शोधून काढली हे खरे. पण पोथी आतूनच कुणीतरी पुढे केली होती.

दार उघडल्यावर दिसले काय? तेराव्या शतकातला चालता-बोलता महाराष्ट्र! लोक काय खात, कसे भांडत, विनोद काय करीत, पाहुण्याला कसे बोलावीत, हे सारे त्यात आले. 'स्थानपोथी'त तर स्वामी जिथे जिथे राहिले त्या गावांतली देवळे आणि जागा दिशांसह नोंदवलेल्या आहेत. त्यांतली कितीतरी स्थाने अनुयायांनी ओटे बांधून आजही जपली आहेत. बी. ए. च्या वर्गात मी लीळाचरित्रातले उतारे शिकवतो. पहिल्या दिवशी मुले जुनी भाषा म्हणून घाबरलेली असतात. चौथ्या दिवशी वऱ्हाडातला एखादा मुलगा हळूच सांगतो, "सर, आमची आजी अजून असंच बोलते." त्या क्षणी सातशे वर्षांचे अंतर बाकाबाकांतल्या वाटेइतके होते.

पण दार उघडण्यातही धोका असतोच. 1978 साली कोलत्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा पंथातून त्यातल्या काही मजकुराला तीव्र आक्षेप घेतले गेले आणि वाद पेटला. अभ्यासकाच्या दृष्टीने तो तेराव्या शतकातला दस्तऐवज. पाठांतराने जपणाऱ्याच्या दृष्टीने ती परमेश्वराची लीळा. एकाला पाठभेद हवे असतात, तर दुसऱ्याला त्यातले काही पाठभेद म्हणजे परमेश्वराची निंदा वाटते. या भांडणात एक बाजू शहाणी आणि दुसरी अडाणी, असे मानणे फार सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. ज्याच्या घरी सातशे वर्षे दिवा तेवत राहिला, त्याला 'जरा बाजूला हो, आम्हाला उजेड तपासायचा आहे' असे म्हणून चालत नाही. आणि उलट, मराठीच्या या पहिल्या गद्यावर केवळ आमचीच मालकी, असेही पंथाला म्हणता येणार नाही. कारण म्हाताऱ्या बायांसाठी मराठीत लिहा, हा आदेश त्यांच्याच आचार्यांचा आहे.

आता काय?

या वारशाचा पसारा महाराष्ट्रापुरता नाही. महाराष्ट्रातच राहावे, असे शिष्यांना सांगणाऱ्या स्वामींचा पंथ पुढे पंजाबात आणि थेट पेशावर-काबूलपर्यंत पोचला. तिकडे त्याला 'जयकृष्णी' म्हणत. 1947 च्या फाळणीत तिकडची मंडळी इकडे आली. आजही पंजाबी घरातला तरुण महंतांपाशी बसून जुनी मराठी शिकतो, सूत्रे पाठ करतो. आपली मुले मराठी सोडून चालली म्हणून आपण सभांतून गळा काढतो. आणि तिकडे एक पंजाबी मुलगा तेराव्या शतकातली मराठी घोकतो आहे! अमेरिकन विदुषी अॅन फेल्डहाउस यांनी 'सूत्रपाठ' आणि गोविंदप्रभूंचे चरित्र इंग्रजीत नेले, त्यालाही आता चाळीस वर्षे झाली.

2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले. दोन्ही गोष्टी आनंदाच्याच. पण विद्यापीठाची पाटी लागली म्हणजे पोथी वाचली असे होत नाही. कसर, दमट हवा आणि उंदीर यांना अभिजात दर्जाचे काहीही सोयरसुतक नसते. मठामठांतल्या पोथ्यांची मोजदाद व्हायला हवी. प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र निघायला हवे. मूळ पोथी मात्र तिच्या जागी, तिच्या पूजेत राहावी. आजच्या यंत्रांनी हे सहज जमते. पोथी न हलवता ती जगभर दाखवता येते. म्हाइंभटाला ही सोय नव्हती. सकळ लिपी वाचणारी तरुण माणसे तयार व्हायला हवीत, आणि ती शिकवायला प्राध्यापकाच्या शेजारी महंतांनाही खुर्ची हवी. जे पाठ पंथाला बोचतात, त्यांविषयी छापण्यापूर्वी समोरासमोर बसून बोलणे व्हावे. मतभेद उरलेच, तर दोन्ही मते शेजारी शेजारी नोंदवावीत. महानुभावांना ही रीत नवी नाही. 'वासना' लिहून ठेवणारे तेच ना?

आणि आपण वाचकांनी काय करावे? अमरावतीकडे गेलात तर रिद्धपूरला वाट वाकडी करून जा. राजमठ पाहा, वाजेश्वरी पाहा. म्हाइंभट जिथे आठवणी लिहीत बसला असे सांगतात, ती जागा हीच. लीळाचरित्राची एखादी प्रत घरी आणा, आणि एक लीळा मोठ्याने वाचून पाहा. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याला ऐकवा. कळते का, ते विचारा. बरेचसे कळेल, कारण हा ग्रंथ त्याच्यासाठीच मराठीत ठेवला होता. आणि पुढच्या वेळी कुणाला 'मानभावी' म्हणायला जीभ उचलली, तर दुसरा शब्द शोधा. मराठीत ढोंग्यांसाठी शब्दांची काही वाण नाही.