वीडर सुरू होत नाही? दोरी ओढण्याआधी हे पाहा



आपल्या बऱ्याच बचत गटांनी आता अवजार बँक काढली आहे. त्यात पावसाळ्यात सगळ्यात जास्त मागणी पॉवर वीडरला. पाऊस उघडला, वाफसा आला की चार दिवसांत तण काढून घ्यायचं असतं, आणि नेमकं त्याच सकाळी यंत्र रुसतं. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. मग कुणातरी दादांना फोन. दादा येईपर्यंत दुपार होते. गटाचं त्या दिवसाचं भाडं बुडतं, आणि पुन्हा पाऊस लागला तर खुरपं घेऊन आपल्यालाच वाकावं लागतं. म्हणून आज पेट्रोलवर चालणाऱ्या, दोरीच्या वीडरबद्दल बोलू.

आधी एवढं ध्यानात ठेवू. चूल पेटायला सरपण, काडी आणि वारा लागतो. इंजिनालाही तसंच पेट्रोल, प्लगची ठिणगी आणि हवा लागते. यातलं एक जरी कमी पडलं, तरी कितीही दोरी ओढा, उपयोग नाही. म्हणून आमच्या गटाचा नियम असा, की पाच-सहा वेळा ओढून यंत्र सुरू झालं नाही तर थांबायचं आणि क्रमाने तपासायचं.

पहिली पाहणी नुसत्या डोळ्यांनी. दांड्यावरचं बटण चालूवर आहे का? त्याची वायर हादऱ्यांनी सुटली नाही ना? टाकीत पेट्रोल आहे का आणि खालचा कॉक उघडा आहे का? मग ऑईल. यंत्र सपाट जागी ठेवून पट्टीवर खूण पाहा. काही इंजिनांत ऑईल कमी झालं की ते आपोआप सुरू व्हायचं थांबतं. तो बिघाड नसतो, इंजिन वाचवण्याची सोय असते. चोकचंही तसंच. इंजिन थंड असेल तर चोक लावायचा, गरम असेल तर नाही. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.

दुसरं, पेट्रोल. हंगाम संपल्यावर टाकीत तसंच राहिलेलं पेट्रोल हे यंत्र न सुरू होण्याचं नेहमीचं कारण आहे. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. महिनोन् महिने पडून राहिलं की पाणी तळाला बसतं आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरतो. अशा वेळी जुनं पेट्रोल डब्यात काढून घ्या. कार्बोरेटरच्या वाटीखाली छोटा बोल्ट असतो. खाली बाटली धरून तो सैल करा. कॉक उघडा असताना पेट्रोल सलग धारेने आलं तर वाट मोकळी आहे. थेंब थेंब आलं तर टाकीच्या जाळीत किंवा कॉकमध्ये कचरा आहे. बोल्ट आवळा, ताजं पेट्रोल भरा आणि बघा. यंत्र सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल, तर टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र चिखलाने बुजलंय का तेही पाहा.

तिसरं, प्लग. इंजिन थंड झाल्यावर टोपी ओढून काढा आणि प्लगपान्याने प्लग उघडा. प्लगच सांगतो काय झालंय ते. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. पुसून, पंधरा मिनिटं वाळवून परत बसवा आणि चोक न लावता ओढा. एकदम कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही, म्हणजे पुन्हा वरच्या पायरीवर जा. काळा, काजळी धरलेला असेल तर घासून साफ करा. टोकांमधली फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर हवी. तरी आपल्या पुस्तिकेतला आकडा पाहा. ठिणगी येते का हे पाहायला प्लग बाहेर धरून दोरी ओढू नका; जवळ पेट्रोलची वाफ असते, भडका उडू शकतो. त्यापेक्षा डब्यात एक नवा प्लग कायम ठेवा आणि तो बसवून पाहा. मेकॅनिकच्या एका फेरीपेक्षा तो स्वस्त पडतो.

चौथं, हवा. एअर फिल्टर उघडला की मातीने गच्च भरलेला दिसतो. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. कागदाचा असेल तर धुऊ नका. हलकेच झटका, नाहीतर बदला.

हे सगळं करूनही यंत्र सुरू झालं नाही, दोरी ओढताना काहीच जोर लागला नाही किंवा ती हललीच नाही, तर मात्र मेकॅनिककडे न्या. पण काय काय तपासलं ते त्याला सांगा. मग नको असलेला खर्च आपल्या माथी बसत नाही.

जिवाला मात्र जपा. पदर, ओढणी खोचलेली आणि केस बांधलेले असू द्या, पायात बूट घाला. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. आणि बंद खोलीत यंत्र चालवू नका. धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. गटातल्या निदान दोघींनी हे काम शिकून घ्या. यंत्राची वही घाला: ऑईल कधी बदललं, प्लग कधी, फिल्टर कधी धुतला. कर्जाची वही आपण जशी चोख ठेवतो तशीच हीही. यंत्र गटाच्या नावावर आहे, हप्ते आपण फेडतो. मग त्याचा पानाही आपल्याच हातात असू द्या.