विलायतेतलं घर आणि 'पाचवा' मुलगा : लायसन्स कोणी घ्यायचं, विचारायचं कोणी?

पोराचं यूकेला ॲडमिशन झालं की घरातले पुढचे दोन-तीन महिने फी, व्हिसा आणि एज्युकेशन लोन यातच जातात. राहण्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एका फोनवर मिळतं. "आपल्याकडचेच एक जण आहेत लंडनमध्ये. त्यांचं घर आहे, चार मुलं आधीच राहतात. तुमचा पाचवा." अम्मी-अब्बूंचा जीव भांड्यात पडतो. आपली माणसं, जवळ मशीद, हलाल दुकान कोपऱ्यावर, आणखी काय पाहिजे?

पण इंग्लंडच्या कायद्यात नेमका हा पाचवा मुलगाच महत्त्वाचा आहे. तो आला की घर 'एचएमओ' म्हणून लायसन्स घेण्याच्या यादीत जातं आणि लायसन्स नसेल तर भाडं घेणारा गुन्हेगार ठरतो. एचएमओ म्हणजे 'हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन'. साध्या भाषेत, वेगवेगळ्या कुटुंबांतली माणसं किचन किंवा बाथरूम वाटून घेऊन राहतात असं घर.

हा विषय आपल्याशी दोन बाजूंनी जोडलेला आहे. रत्नागिरी-रायगडमधून ब्रिटनला जाऊन स्थिरावलेली कुटुंबं आहेत, त्यांच्यापैकी काहींची घरं भाड्याने जातात. आणि दरवर्षी मुंबई, पुणे, औरंगाबादकडून शिकायला जाणारी मुलं अशाच घरांत राहतात. मालकही आपला आणि भाडेकरूही आपला. अशा वेळी लायसन्सबद्दल विचारणं म्हणजे भरोसा नसल्यासारखं वाटतं, म्हणून कोणी विचारत नाही. मला वाटतं, हीच अडचणीची जागा आहे.

आधी एक शब्दाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे 'लिव्ह अँड लायसन्स' करतात त्यात लायसन्स मालक देतो आणि राहणारा घेतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवून घेणं ही मालकाची जबाबदारी. इंग्लंडमधलं लायसन्स वेगळं. तिथे मालकाने कौन्सिलकडून, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेकडून, घर अशा प्रकारे भाड्याने देण्याची परवानगी घ्यायची असते. करार कितीही पक्का असला तरी हे लायसन्स वेगळं लागतंच.

हा नियम हाउसिंग ॲक्ट २००४ मधून आला. सुरुवातीला सक्तीचं लायसन्स फक्त तीन किंवा जास्त मजल्यांच्या घरांना होतं. १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट गेली. आता पाच किंवा जास्त माणसं, दोन किंवा जास्त 'हाउसहोल्ड'मधली, सोयी वाटून राहत असतील तर संपूर्ण इंग्लंडमध्ये लायसन्स सक्तीचं आहे, मग घर दोन मजली असो की बैठं. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे तीन माणसांनाच लायसन्स लागतं. वेल्सचेही नियम निराळे. खाली लिहिलेलं इंग्लंडपुरतं समजावं.)

आता हाउसहोल्ड म्हणजे काय, हे नीट बघू, कारण आपल्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. एकत्र जेवण बनवतो, एकच रेशन भरतो, म्हणजे एक कुटुंब, असं नाही. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, आजी-आजोबा, नातवंडं, चाचा-मामू, खाला-फुफी, भाचे-पुतणे आणि कझिन, म्हणजे चुलत, मामे, मावस, आते भावंडं, हे सगळे कायद्याने एकच हाउसहोल्ड. आपल्या खानदानाच्या कल्पनेच्या हे बरंच जवळ आहे. पण एका गावचे, एका मोहल्ल्याचे, अब्बूंच्या दोस्ताचा मुलगा, एका कॉलेजातले, हे नातं कायदा मोजत नाही. प्रत्येक जण वेगळं हाउसहोल्ड.

हिशेब करून बघा. एका घरात दोन सख्खे भाऊ, त्यांचा मामेभाऊ आणि दोन दोस्त राहतात. माणसं पाच, हाउसहोल्ड तीन. लायसन्स हवं. पाचही जण एकमेकांचे चुलत भाऊ असतील तर हाउसहोल्ड एकच, तो एचएमओ नाही. चार दोस्त असतील तर? घर एचएमओ आहे, पण सक्तीच्या लायसन्समध्ये येत नाही. मात्र पुष्कळ कौन्सिलांनी आपल्या हद्दीत तीन-चार माणसांच्या घरांनाही लायसन्स लावलं आहे. काही ठिकाणी तर एकाच कुटुंबाला भाड्याने दिलेल्या घरालाही लायसन्स लागतं. पूर्व लंडनच्या न्यूहॅम कौन्सिलने २०१३ साली आपल्या पूर्ण हद्दीत असं लायसन्स सुरू केलं, आणि ईस्ट हॅम, फॉरेस्ट गेट हे आपल्या मुलांच्या ओळखीचे भाग त्याच कौन्सिलमध्ये येतात. म्हणून 'आमच्याकडे चारच आहेत' एवढं उत्तर पुरत नाही. घर कोणत्या कौन्सिलच्या हद्दीत आहे ते बघावं लागतं.

मालक स्वतः त्याच घरात राहत असेल तर थोडी सवलत आहे. मालक, त्याचं कुटुंब आणि बाहेरचे जास्तीत जास्त दोघे, एवढ्यावर तो एचएमओ होत नाही. चाचा, चाची, त्यांचा एक मुलगा आणि दोन विद्यार्थी, चालेल. तिसरा विद्यार्थी ठेवला की घरात सहा माणसं झाली आणि लायसन्स लागलं. 'अजून एक गादी टाकू' म्हणताना हे कोणाच्या लक्षात राहत नाही. पालकांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी, मालकाच्याच घरात राहणाऱ्याला कायद्याचं संरक्षण बरंच कमी मिळतं.

गादीवरून खोलीची गोष्ट. लायसन्स असलेल्या एचएमओत एका मोठ्या माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण ७० चौरस फूट, सात बाय दहाची खोली. दोघांसाठी १०.२२ चौरस मीटर, म्हणजे ११० चौरस फूट. दहा वर्षांखालच्या मुलासाठी ४.६४ चौरस मीटर, म्हणजे ५० फूट. त्याहून लहान खोलीत कोणालाच झोपवता येत नाही. माळ्याच्या खोलीत छत उतरतं असतं. जिथे उंची दीड मीटरपेक्षा कमी आहे ती जागा मोजायची नाही. मुंबईतल्या माणसाला हे वाचून हसू येईल, आपल्याकडे १८० फुटांत आठ माणसं राहिलेली आहेत. पण नियम कागदापुरते नाहीत. खोली वाजवीपेक्षा लहान असेल तर कौन्सिल लायसन्समध्ये माणसांची संख्या कमी करतं.

आणि ही संख्या का पाळायची, याचं उत्तर मार्च २०२३ मध्ये पूर्व लंडनच्या शॅडवेलमध्ये मिळालं. दोन बेडरूमच्या एका फ्लॅटमध्ये पंधराहून जास्त माणसं राहत होती, बहुतेक बांगलादेशी, काही विद्यार्थी, काही डिलिव्हरीचं काम करणारे. ई-बाइकच्या बॅटरीला आग लागली आणि नुकताच बांगलादेशहून आलेला एक बाप मरण पावला. त्या घराला लायसन्स नव्हतं असं नाही. ते होतं, पण थोड्याच माणसांसाठी. कौन्सिलने खटला भरला आणि मालकांना गुन्हा कबूल करावा लागला. म्हणून फक्त 'लायसन्स आहे का' विचारून भागत नाही, 'किती जणांचं आहे' हेही विचारायचं असतं.

लायसन्स देताना कौन्सिल बरंच काही तपासतं : मालक त्यासाठी योग्य माणूस आहे का, गॅसचं सर्टिफिकेट दरवर्षीचं आहे का, वायरिंगची तपासणी पाच वर्षांच्या आत झाली आहे का, प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म आहे का, आग लागली तर बाहेर पडायला मोकळी वाट आहे का. लायसन्स साधारण पाच वर्षांपर्यंतचं असतं. फी प्रत्येक कौन्सिलची वेगळी, पुष्कळ ठिकाणी हजार पाउंडांच्या वर. घर नव्याने एचएमओ करायचं असेल तर काही भागांत प्लॅनिंगचीही परवानगी लागते, ती वेगळी. मालकांना हे डोईजड वाटतं, ते खोटंही नाही.

पण न घेणं त्याहून महाग आहे. लायसन्सशिवाय एचएमओ चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे, कोर्टात दंडाला वरची मर्यादा नाही. कोर्टात न जाता कौन्सिल स्वतःच ३०,००० पाउंडांपर्यंत दंड लावू शकत होतं. रेंटर्स राइट्स ॲक्ट २०२५ ने ती मर्यादा ४०,००० केली. 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर सहसा चालत नाही. मालक मुंबईत किंवा दुबईत बसला आहे आणि भाडं तिथला भाचा गोळा करतो, अशा वेळी भाचाही अडकू शकतो. मालकांसाठी एक दिलाशाची बाब मात्र आहे. पूर्ण भरलेला अर्ज फीसह दाखल झाला की त्या दिवसापासून, निकाल येईपर्यंत, लायसन्स नसल्याच्या आरोपाला तो बचाव ठरतो. जितके दिवस अर्ज लांबवाल तितके दिवस गुन्ह्यात धरले जातात.

भाडेकरूच्या बाजूने सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे 'रेंट रिपेमेंट ऑर्डर'. लायसन्स नसलेल्या घरात राहिलेला भाडेकरू ट्रिब्युनलकडे अर्ज करून दिलेलं भाडं परत मागू शकतो. आधी ही मागणी जास्तीत जास्त १२ महिन्यांच्या भाड्याची होती, नव्या कायद्याने १ मे २०२६ पासून ती २४ महिन्यांवर नेली. पूर्ण रक्कम मिळेलच असं नाही, मालकाची आणि भाडेकरूची दोघांची वागणूक ट्रिब्युनल बघतं. अशा घरात राहणं हा भाडेकरूचा गुन्हा नाही, आणि व्हिसा व्यवस्थित असेल तर तक्रार केल्याने तो जात नाही. पण पुरावा लागतो, आणि आपली मुलं भाडं रोख देतात! भाडं बँकेतून द्यावं. रोखच द्यावं लागलं तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर तरी 'अमुक रक्कम मिळाली' असं लिहून घ्यावं.

एक धोका मात्र पालकांना बहुतेक माहीतच नसतो. मुलं काय करतात, चार-पाच जण मिळून घर घेतात आणि करार एकाच्या नावावर करतात, ज्याचं इंग्लिश चांगलं आणि बँक खातं आधी उघडलं त्याच्या. मग तो बाकीच्यांना बेड देतो, भाडं गोळा करतो, एक गेला की दुसरा आणतो, कधी वीस-तीस पाउंड वर ठेवतो. दोस्तांच्या नजरेत तो फक्त 'हेड'. कायद्याच्या नजरेत तो इतरांचा लँडलॉर्ड होऊ शकतो आणि रेंट रिपेमेंटचा अर्ज त्याच्याविरुद्धही येऊ शकतो. शिकायला गेलेल्या बावीस वर्षांच्या मुलाने हे ओझं घेऊ नये. सगळ्यांची नावं करारात हवीत, किंवा प्रत्येकाचा खऱ्या मालकाशी वेगळा करार.

तपासणं कठीण नाही. प्रत्येक कौन्सिलला लायसन्सचं रजिस्टर जनतेसाठी खुलं ठेवावं लागतं. बरीच कौन्सिलं ते वेबसाइटवर ठेवतात, पत्ता टाकला की माहिती दिसते. नसेल दिसत तर कौन्सिलच्या हाउसिंग विभागाला ईमेल करता येतो, तोही चिपळूणमध्ये बसून. युनिव्हर्सिटीचं स्टुडंट युनियन, सिटिझन्स ॲडव्हाइस आणि शेल्टर ही संस्था मोफत सल्ला देतात. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या हॉस्टेलला मात्र साधारणपणे हे लायसन्स लागत नाही, त्यांचे नियम निराळे आहेत.

पैशाचंही बघून ठेवा. मालक घरात राहत नसेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. एजंटला भाडेकरूकडून वेगळी फी घेता येत नाही. आपल्या मुलांना यूकेत जामीनदार नसतो म्हणून सहा-सहा महिन्यांचं भाडं एकदम मागितलं जायचं, आणि इथे बाप सोनं गहाण ठेवून ते पाठवायचा. १ मे २०२६ नंतरच्या नव्या करारात खासगी मालकाला एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही, तेही करारावर सही झाल्यावरच. सप्टेंबरच्या बॅचला मूल पाठवताय आणि फोनवरून कोणी सहा महिन्यांचे पैसे मागतंय, तर पैसे पाठवण्याआधी घराचा पूर्ण पत्ता पोस्टकोडसह मागा, आणि रजिस्टरमध्ये तो पत्ता किती माणसांसाठी नोंदवला आहे ते पाहा.