मोटारीची वैयक्तिक सजावट

मोटारीची वैयक्तिक सजावट म्हणजे कारखान्यातून एकसारख्या बाहेर पडलेल्या मोटारीला मालकाने आपल्या आवडीनुसार, श्रद्धेनुसार व गरजेनुसार दिलेले निराळे रूप होय. सीटकव्हर, पायपुसणी, काचेवरील मजकूर, देवाची मूर्ती, चाकांच्या टोप्या, दिवे, रंगीत पट्टे इत्यादींचा तीत समावेश होतो. प्रस्तुत लेखात नवशिक्या तरुण चालकाच्या पहिल्या, लहान आणि पुष्कळदा घरातल्याच जुन्या मोटारीचा विचार केला आहे. उदाहरणे महाराष्ट्रातील, विशेषतः नाशिक जिल्ह्यातील सिन्नर परिसराला लागू पडणारी आहेत.

सजावट आणि फेरबदल या दोन गोष्टी व्यवहारात एकाच दुकानात मिळतात; तरी त्यांत मूलभूत भेद आहे. सजावट काढून टाकली की मोटार पूर्ववत होते. फेरबदलाने मात्र मोटारीचे चालणे, थांबणे, दिसणे किंवा चालकाला रस्ता दिसणे यांपैकी काहीतरी बदलते. कायद्याची रेषाही साधारण याच भेदाजवळून जाते.

वय आणि परवाना

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीविषयी जे लिहिले जाते ते भारतात जसेच्या तसे लागू होत नाही. येथे किशोरवयीनाची पहिली मोटार म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाची वा मुलीची मोटार. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-क नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो व तो मिळाल्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात मोटारीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर लावणे बंधनकारक आहे. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस व अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच असावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ सांगतो. पहिल्या मोटारीवरचे हे पहिले अक्षर होय. तरुणांना ते कमीपणाचे वाटते व ते शक्य तितक्या लवकर खरवडले जाते. परंतु मागच्या वाहनाला अंतर राखण्याची सूचना देणारे दुसरे कोणतेही अक्षर मोटारीवर नसते.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात वाहन सजवण्याची रीत मोटारीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवणे, शेंब्या व गोंडे बांधणे, पाठीवर झूल घालणे, अंगावर गेरूचे ठसे उमटवणे हे सर्व वाहनाच्या मानाचेच प्रकार होत. बैलाची जागा ट्रॅक्टरने व पुढे मोटारीने घेतली, तेव्हा गोंडे आरशाला लटकले आणि झुलीचे सीटकव्हर झाले. दसऱ्याला मोटार धुऊन तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, झेंडूची माळ घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात व नारळ फोडतात. बहुतेक घरांत नव्या मोटारीची पहिली सजावट हीच असते आणि ती मुलाने नव्हे, तर त्याच्या आईने किंवा आजीने केलेली असते.

खासगी मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात नसताना सजावटीचा खरा मोहरा मालमोटार व टॅक्सी हा होता. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या रूपाने अनेक वर्षे शहरभर धावली. तिचे छत व आसने चालक आपापल्या पसंतीच्या कापडाने मढवत. २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमात तरुण चित्रकारांनी मुंबईच्या टॅक्सींची अंतर्भागातील कापडे नव्याने रेखाटली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्या.

लहान खासगी मोटारीचे युग १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती पडली तेव्हापासून मानले जाते. थोडके रंग आणि एकच घडण यांमुळे एका गल्लीत चार सारख्या मोटारी उभ्या राहू लागल्या. आपली मोटार लांबून ओळखू यावी ही साधी गरज हे त्या काळच्या सजावटीचे एक मोठे कारण होते.

अक्षरे व 'रेडियम'

मोटारीवर चिकटवायच्या चकाकत्या पट्ट्यांना व अक्षरांना महाराष्ट्रात सर्रास 'रेडियम' म्हणतात आणि ती कापून देणाऱ्याला रेडियमवाला. १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने शोधलेल्या किरणोत्सारी मूलद्रव्याशी त्यांचा काही संबंध नाही. त्या मूलद्रव्याचा रंग एके काळी घड्याळाच्या तबकड्या अंधारात उजळवण्यासाठी वापरत. तेवढ्या आठवणीवर ते नाव प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याला चिकटले आहे. हे पत्रे स्वतः प्रकाश देत नाहीत, समोरच्या दिव्याचा प्रकाश परत पाठवतात.

मागील काचेवर 'आईची कृपा', 'आई-वडिलांचा आशीर्वाद', 'श्री स्वामी समर्थ', 'येळकोट येळकोट जय मल्हार' हे मजकूर नेहमी आढळतात; सिन्नरहून शिर्डीला जाणाऱ्या रस्त्यावर 'ॐ साई राम' अर्थातच अधिक. पहिल्या मोटारीवरील 'आई-वडिलांचा आशीर्वाद' ही ओळ बहुधा शुद्ध वस्तुस्थिती असते, कारण पैसे त्यांनीच भरलेले असतात. मजकूर कोणता असावा हा रुचीचा प्रश्न आहे. तो कोठे असावा हा मात्र केवळ रुचीचा नाही. मागील काचेच्या मध्यभागी हातभर उंचीची अक्षरे लावली, तर मधल्या आरशात दिसणारी दुचाकी त्या अक्षरांमागे पूर्ण झाकली जाते. काचेच्या वरच्या किंवा खालच्या कडेला, दोन बोटे उंचीची एकच ओळ वाचनीय असते व आड येत नाही. सुबक वळणाचे एक देवनागरी नाव हे ज्वाळा, पंजे व इंग्रजी घोषणा यांच्या गर्दीपेक्षा उठून दिसते. वारली चित्रांतील तारपा नृत्याचा लहानसा पट्टा हाही अलीकडे आढळणारा एक देखणा प्रकार आहे.

नोंदणी क्रमांकावरील कलाकुसर हा मराठी प्रदेशाचा खास विषय म्हणता येईल. २१४ या आकड्यांचे 'राम', ४१४१ चे 'दादा' आणि ४९१२ चे 'पवार' असे वाचन होईल अशा बेताने अंक रंगवण्याची टूम अनेक वर्षे चालली. त्यातील कल्पकता नाकारता येत नाही. तथापि क्रमांक ही ओळखीची खूण आहे आणि अपघातानंतर पळालेल्या वाहनाचा शोध त्यावरूनच लागतो. नियम ५० व ५१ यांनुसार रोमन अक्षरे, आंतरराष्ट्रीय अंक व ठरलेली मापे बंधनकारक आहेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी येते. ॲल्युमिनियमच्या या पाटीवर अशोकचक्राची चकाकती मुद्रा व लेझरने कोरलेला अनुक्रमांक असतो, आणि एकदा बसवलेली पाटी तिची कडी तोडल्याशिवाय निघत नाही. ठरावीक शुल्क भरून पसंतीचा क्रमांक घेणे मात्र पूर्णतः कायदेशीर आहे. नाशिक कार्यालयाच्या 'एमएच १५' मालिकेतून जन्मतारखेचा किंवा घराच्या जुन्या स्कूटरचा क्रमांक घेणे ही कोणालाही न दिसणारी, तरी सर्वांत वैयक्तिक अशी सजावट ठरते.

काच व दिवे

काळ्या काचांचे आकर्षण तरुणांत सर्वाधिक आहे. नियम १०० नुसार पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास देशभर मनाई केली. २०२१ मध्ये नियमात झालेल्या बदलाच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये वरील प्रमाण पाळणाऱ्या फिल्मला आडकाठी नसल्याचे म्हटले. गडद फिल्मला त्यामुळेही वाव मिळत नाही. नवशिक्या चालकाच्या बाबतीत कायद्याआधीच एक साधी अडचण येते. तिन्हीसांजेला, विना दिव्याची बैलगाडी वा उसाची ट्रॉली रस्त्यावर असताना, गडद काचेतून डावीकडचे काही दिसत नाही.

दिव्यांच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. लहान मोटारींत सामान्यतः ६०/५५ वॉटचा हॅलोजन दिवा असतो. १२ व्होल्टवर ६० वॉटचा दिवा ५ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. त्या जागी १०० वॉटचा बसवला की तो सुमारे ८.३ अँपिअर घेतो. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच बारीक तारेत ती जवळजवळ पावणेतीन पट होते. तारेचे आवरण मऊ होणे, कपलर वितळणे, क्वचित आग लागणे याचे मूळ येथे आहे. तारा सोलून पीळ घालून जोडलेले पट्टीदिवे हीसुद्धा त्याच जातीची जोखीम आहे. पुढील बाजूस तांबडा दिवा लावण्यास नियम १०८ ने, आणि सुरावट वाजवणाऱ्या किंवा कर्कश भोंग्यास नियम ११९ ने मनाई आहे.

अंतर्भाग

पहिल्या मोटारीत खर्च करण्यास सर्वांत योग्य जागा अंतर्भाग ही आहे. येथे केलेले बहुतेक सर्व काही काढता येते, धुता येते व बदलता येते. सिन्नर तालुक्याचा बराच भाग पर्जन्यछायेत मोडतो; उन्हाळा कोरडा व धुळीचा असतो. तेथे काळे रेक्झिन दुपारी बसवत नाही आणि पांढरे कापड आठवडाभर टिकत नाही. मातकट वा राखाडी रंगाचे जाड सुती कव्हर, त्याला खणाच्या कापडाची बारीक किनार, मागच्या आसनावर घरच्या जुन्या लुगड्यांची गोधडी, एवढ्यात मोटारीला घरपण येते. आसनाच्या कडेत एअरबॅग असलेल्या मोटारीला मात्र सरसकट कव्हर चालत नाही. त्या जागी उसवण्याजोगी शिवण असलेले कव्हर लागते.

डॅशबोर्डवरील गणपती बहुतेक मोटारींत असतो. डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर मूर्ती चिकटवू नये. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते व वाटेतली वस्तू प्रवाशाच्या तोंडावर भिरकावली जाते. मूर्ती लहान असावी व मध्यभागी, झाकणापासून दूर बसवावी. आरशाला टांगलेल्या माळा, गोंडे, लिंबू-मिरची व बिब्बा यांची लांबी आरशाच्या कडेखाली येऊ नये.

पायपुसणी क्षुल्लक वाटतात, तरी चालकाच्या पायाखालचे सैल किंवा एकावर एक घातलेले पायपुसणे पुढे सरकून ॲक्सिलरेटर दाबलेल्या स्थितीत अडकवू शकते. याच कारणाने टोयोटा कंपनीने २००९ मध्ये अमेरिकेत लाखो मोटारी तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या.

चाके व बाह्य जोड

मोठी 'मॅगव्हील' बसवण्याची हौस फार महाग पडू शकते. अल्टो ८०० ला १४५/८० आर १२ मापाचे टायर येत; त्यांचा एकूण व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर होतो. तिच्याच के१० या भावंडाला १५५/६५ आर १३ टायर होते व त्यांचा व्यास सुमारे ५३२ मिलिमीटर. रिम एक इंचाने वाढली, टायरची बाजू तेवढी कमी झाली, व्यास जवळपास तोच राहिला. हे सूत्र न पाळता कोणी १६५/७० आर १४ बसवले तर व्यास सुमारे ५८७ मिलिमीटर, म्हणजे ९ टक्क्यांनी अधिक होतो. मग स्पीडोमीटर ताशी १०० किलोमीटर दाखवत असताना मोटार १०९ च्या जवळपास धावत असते, आणि टायर चिखलपंख्याला घासतो तो निराळाच. कारखान्याची लोखंडी रिम स्वच्छ धुऊन चंदेरी रंगाने रंगवली व साधी टोपी बसवली तरी लहान मोटार नीटस दिसते.

पुढे बसवलेले लोखंडी गार्ड धक्का शोषत नाही. तो थेट चॅसीकडे पोहोचवते व एअरबॅगच्या संवेदकांना फसवू शकते. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डविरुद्ध कारवाई करण्यास कळवले.

मोटारीचा रंग नोंदणीपत्रात नमूद असतो, म्हणून तो बदलल्यास परिवहन कार्यालयाकडून नोंद करून घ्यावी लागते. लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण दलांखेरीज कोणालाही वापरता येत नाही. कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. असा प्रत्येक फेरबदल कलम १८२-क खाली ५,००० रुपये दंडास किंवा सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरू शकतो. विम्याचा मुद्दाही विसरता येत नाही. नंतर बसवलेली विद्युत साधने विमापत्रात वेगळी नोंदवली नसतील, तर त्यांची भरपाई मिळत नाही.

सिन्नर परिसर

सिन्नर हे नाशिक–पुणे महामार्गावर असून शिर्डीचा रस्ता येथून फुटतो. माळेगाव व मुसळगाव येथील औद्योगिक वसाहतींमुळे अवजड वाहनांची वर्दळ असते. २६ मे २०२३ रोजी शिर्डी ते भरवीर हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाला व तो या तालुक्यातून जातो. त्यामुळे काल-परवापर्यंत बाजारपेठेच्या गल्लीत व गोंदेश्वर मंदिराच्या आवारापर्यंत चालणारी मोटार आता ताशी १२० किलोमीटर कमाल वेगमर्यादेच्या काँक्रीटच्या रस्त्यावर सहज जाऊन पोहोचते. झिजलेल्या टायरांमुळे होणारे अपघात लक्षात घेऊन परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासण्याची मोहीमही घेतली. पहिल्या मोटारीसाठी ठेवलेली रक्कम मर्यादित असेल, तर चार नवे योग्य मापाचे टायर, वायपरची रबरे आणि मागील आसनांचे चालू स्थितीतील पट्टे यांचा क्रम रेडियमच्या आधी लागतो.

सजावट उतरवणे

पहिली मोटार सहसा काही वर्षांत विकली जाते किंवा धाकट्या भावंडाकडे जाते. उन्हाने भोवतालचा रंग फिका होतो व चिकटपट्टीखालचा मूळ रंग टिकतो. म्हणून जुना मजकूर काढल्यावरही पूर्वीच्या मालकाचे नाव छायेसारखे वाचता येते. वर्ष-दोन वर्षांनी पट्टी बदलल्यास हा फरक कमी राहतो. पट्टी नखाने ओढून काढू नये. केस वाळवण्याच्या यंत्राने ती कोमट करावी, कोपऱ्यापासून सावकाश सोलावी आणि उरलेला डिंक निलगिरीच्या तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसून घ्यावा.