गिऱ्हाईक आजारी मासा घेऊन आलं, आता औषधाची बाटली काढू नका



अक्वेरियमच्या दुकानाचा विषय निघाला की सगळे आधी भांडवल विचारतात. काच केवढ्याला पडते, मासे कुठून आणायचे, मार्जिन किती सुटतं. विचारा, जरूर विचारा. पण दुकान टिकणार की नाही, हे दुसऱ्याच वेळी ठरतं. टाकी विकून आठ-पंधरा दिवस झालेले असतात. तेच गिऱ्हाईक पिशवीत मलूल मासा घेऊन येतं आणि म्हणतं, "भाऊ, याला काहीतरी झालंय, औषध द्या."

तुम्ही निळ्या औषधाची बाटली काढून दिली तर त्या दिवशी विक्री होते. मासा मेला की टाकी माळ्यावर जाते. या धंद्यातला पैसा टाकी विकण्यात थोडाच आहे. तो पुढे लागणाऱ्या खाद्यात, फिल्टरच्या स्पंजात, घरी जाऊन टाकी साफ करून देण्यात आहे. टाकी माळ्यावर गेली की ते सगळं बंद.

म्हणून औषधाआधी प्रश्न विचारायचे. टाकी किती फुटी? मासे किती? सुरू करून किती दिवस झाले? पाणी कधी बदललं, किती बदललं, नळाचं की बोअरचं? रात्री फिल्टर बंद करता का? आणि टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत भरून आणायला सांगा. थेंबांचं अमोनिया टेस्ट किट आणि पीएच किट काउंटरवर असलंच पाहिजे. मी तर म्हणेन, बोर्ड रंगवण्याआधी ते घ्या.

कारण बहुतेक वेळा आजारी मासा नसतोच, आजारी असतं पाणी. माशाच्या विष्ठेतून, श्वासातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. टाकीत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी पंधरा मासे सोडले की ते वर येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले लाल दिसतात. याला औषध नाही. चौथा भाग पाणी बदला, दोन दिवस खाद्य बंद, हवा वाढवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा टेस्ट करा.

आता आपल्या जिल्ह्याचं बोलू. बऱ्याच गावांत नळ काही दिवसांआड येतो. नळ आला की घरातली भांडी भरतात आणि त्याच उत्साहात माशाची टाकीही धुऊन निघते. स्पंज नळाखाली खळखळून धुतला, सगळं पाणी नवं भरलं, वर ताज्या पाण्यात टीसीएलचं क्लोरीन. जिवाणू गेले, कल्ले भाजले आणि सकाळी मासे तरंगताना दिसतात. गिऱ्हाईक म्हणतं, तुमचे मासेच खराब होते. त्याच्याशी वाद घालू नका. टाकी विकतानाच सांगून ठेवा: स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाचं पाणी दिवसभर हवा सोडून उघडं ठेवायचं किंवा क्लोरीन मारणारे थेंब टाकायचे, आणि एका वेळी पाव भागच बदलायचं.

दुसरी गोष्ट खारपाणपट्ट्याची. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारट आणि जड. पीएच ७ वरून ८ झाला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. त्यात एप्रिल-मेचा उन्हाळा. पाणी तापलं की त्यात प्राणवायूही कमी मावतो. वीज गेली आणि एअर पंप थांबला की दुपारीच मासे गेले समजा. बॅटरीवर चालणारा छोटा पंप इथे शोभेची वस्तू नाही. मऊ पाण्यातला निऑन टेट्रा अशा पाण्यात विकून रोज तक्रार ऐकण्यापेक्षा मॉली आणि गप्पी विका. मॉलीला जड, थोडं खारट पाणी आवडतं. तुमच्या तालुक्याचं पाणी ज्या माशाला मानवतं, तोच मासा तुमचा माल.

पाणी ठीक निघालं, तर मग रोग शोधायचा. सर्वांत जास्त दिसतो पांढऱ्या ठिपक्यांचा, म्हणजे इक. अंगावर रवा सांडल्यासारखे दाणे, मासा खड्यांवर अंग घासतो. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. तिथे हिवाळ्यात रात्री पारा खाली येतो आणि हीटर नसलेल्या टाकीत हा हमखास येतो. यातली खोच समजून घ्या: परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तोवर औषध त्याला लागत नाही. तो सुटून पाण्यात पोहायला लागतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की लोक औषध थांबवतात आणि आठवड्यात रोग परत येतो. ठिपके गेल्यावरही चार-पाच दिवस चालू ठेवायला सांगा. पाणी हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत न्या (गोल्डफिशला एवढं नको), हवा वाढवा, फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो.

डोस अंदाजाने देऊ नका. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, १००० ने भागा, लिटर आले. दोन फूट बाय एक बाय एकची टाकी सुमारे ५६ लिटरची, खडे वगैरे धरून पाणी ५० च्या आतबाहेर. खडेमीठ लिटरला १ ते २ ग्रॅम, म्हणजे ५० ते १०० ग्रॅम, एकदम नाही, दिवसभरात विरघळवून. टाकीत जिवंत रोपं किंवा कॅटफिश असतील तर मीठ वेगळ्या टबात. मिथिलीन ब्लूही वेगळ्या टबातच, ते फिल्टरचे जिवाणू मारतं.

पर झडून कडा पांढऱ्या पडल्या असतील, तर सुरुवातीला स्वच्छ पाणी आणि मीठ पुरतं. गोल्डफिश उलटा तरंगत असेल, तर दोन-तीन दिवस उपास, मग सोललेला उकडलेला मटार. पोट फुगून खवले उभे राहिले, तर वाचण्याची आशा फार कमी. हे स्पष्ट सांगा, बाटली विकू नका. सुटी अँटिबायोटिक कॅप्सूल कधीच देऊ नका, ती पशुवैद्यकांच्या चिठ्ठीवरची गोष्ट आहे. अकोल्याला पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आहे, नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय. ओळख करून ठेवा. आणि आजारी मासा विहिरीत किंवा धरणात सोडू देऊ नका.

शेवटी तुमचा स्वतःचा माल. मुंबईहून किंवा कोलकात्याहून रेल्वेने आलेली पेटी मलकापूर-शेगावला उतरवली की मासे थेट शोकेसमध्ये नाही टाकायचे. पिशवी बंद असतानाच तापमान जुळवा. उघडली की फार वेळ तशी ठेवू नका, कारण कार्बन डायऑक्साइड निघून पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. मग दोन आठवडे मागच्या टाकीत, वेगळी जाळी, वेगळा पाइप. जागा अडते, पैसा अडकतो, मान्य. एका जाळीने अख्ख्या दुकानात इक पसरलेला बघितला की तो हिशेब आपोआप जुळतो. दोन रिकाम्या, वीस लिटरच्या टाक्या तयार ठेवा. गिऱ्हाइकाचा मासा आठवडाभर ठेवून घ्यायचे पैसे घ्या, आणि तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःहून फोन करा.