दंड भरते, पण आधी पाटी दाखवा!

संध्याकाळचे सात वाजले होते. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, तेवढ्यात फोन वाजला. आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीचा. आवाज रडवेला. "ताई, ह्यांच्या मोबाइलवर मेसेज आलाय. पाचशे रुपये दंड म्हणं, नो पार्किंगचा. मी तर रोजच्याच जागी गाडी लावली होती. माझं काय चुकलं तेच कळंना."

ही मैत्रीण क्लासच्या मुलांना डबे देते. लातूर काय आणि नांदेड काय, बारावीच्या क्लाससाठी गावोगावची लेकरं येऊन राहतात, आणि त्यांच्या जिवावर कितीतरी बायकांची चूल पेटते. सकाळी पाचला उठून पोळ्या लाटायच्या, अकराच्या आत डबे स्कूटीला लटकवून पोचवायचे. पाचशे रुपये म्हणजे तिच्या चार-पाच दिवसांच्या कमाईवर पाणी. पण तिच्या रडण्याचं कारण पैसे नव्हतेच. स्कूटी नवऱ्याच्या नावावर, मोबाइल नंबरही त्याचाच, म्हणून मेसेज त्याच्याकडे गेला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणूनच म्हणत होते, बाईमाणसाला गाडी कशाला?" आणि नवऱ्यानं चावी काढून घेतली. "उद्यापासून डबे मी पोचवीन." तो पोचवणार नव्हता हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं!

गाव कोणतं ते मुद्दाम सांगत नाही. माझं माहेर लातूर, सासर नांदेड. दोन्हीकडं जाणं-येणं आहे आणि असं कुठंही होऊ शकतं. आपल्या मराठवाड्यातलंच एक शहर समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी त्या जागेवर गेलो. तिनं स्कूटी लावली होती तिथं अजूनही सात-आठ दुचाक्या उभ्या होत्या. शेजारी खांब. खांबाला कुण्या नेत्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स. खाली शुभेच्छुक म्हणून पंधरा-वीस चेहरे, एकजात गॉगल लावलेले. मी खांबाच्या मागं जाऊन पाहिलं, तर फ्लेक्सच्या आड एक गोल पाटी. समोरून तिची लाल कड तेवढी बोटभर दिसत होती, तीही कुणी सांगितल्यावर. पुढच्या खांबाला नुसती लोखंडी पट्टी होती, पाटी गायब. "ताई, मी शिकलेली नाही असं समजतेत का हे लोक? पाटी असती तर मला वाचता आली नसती का?" मैत्रीण म्हणाली. ती बारावी पास आहे.

आम्ही मोबाइलवर फोटो काढले. समोरून, मागून, आणि रस्त्याच्या टोकावरून, म्हणजे गाडी घेऊन येणाऱ्या माणसाला काय दिसतं ते कळावं म्हणून. फोटोत आजूबाजूची दुकानं येतील असं पाहिलं, नाहीतर उद्या म्हणतील हा फोटो दुसरीकडचाच.

मी बी.ए. झालेली, वकील नाही. पण महिला मंडळाच्या कामात कायद्याची पुस्तकं चाळायची सवय लागली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम ११६ मध्ये रस्त्यावरच्या पाट्यांबद्दल लिहिलं आहे. मनाई असेल तर ती लोकांना कळावी म्हणून या पाट्या लावायच्या, आणि त्या कुणाच्या मनाला येईल तशा नाहीत, तर कायद्याच्या परिशिष्टात दिलेल्या आकाराच्या आणि रंगाच्या हव्यात. नो पार्किंगची पाटी गोल, निळ्या रंगाची, लाल कडेची, त्यावर एक तिरकी लाल रेघ. दोन रेघांची फुली असेल तर तिथं क्षणभर थांबायलाही मनाई. आता या हिशोबानं आपल्या गल्लीतल्या पाट्या आठवून पाहा. "येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल" ही पाटी महाराष्ट्रात सर्वात लोकप्रिय असावी, पण ती कायद्यातली पाटी नव्हे!

याच कलमात मला एक गंमत सापडली. वाहतुकीची पाटी झाकली जाईल अशी जाहिरात कुणी लावली, तर ती काढून टाकण्याचा अधिकार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे. म्हणजे फ्लेक्स पाटीवर चढणार हे १९८८ साली कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. शहर विद्रूप करणाऱ्या जाहिरातींसाठी महाराष्ट्राचा १९९५ चा वेगळा कायदा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांबद्दल सविस्तर निकालही दिला. एवढं सगळं असून वाढदिवस काही थांबले नाहीत.

पण मैत्रिणींनो, इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर उद्या तुम्ही कुठंही गाडी लावाल आणि माझं नाव सांगाल. काही ठिकाणी पाटी नसली तरी गाडी लावता येत नाही. फूटपाथवर, पुलावर, वळणावर, चौकाच्या तोंडाशी, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर, बसथांब्याजवळ, शाळा-दवाखान्याच्या फाटकापुढं, कुणाच्या घराचं दार अडवून. हे वाहन चालवण्याच्या नियमांतच आहे, तिथं "पाटी कुठंय?" विचारून उपयोग नाही. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. साडी खरेदीला गेल्यावर आपण त्यातल्या एखाद्या रस्त्याच्या तोंडाशीच गाडी टेकवतो आणि "पाच मिनिटांत येते" म्हणून तासभर पदर बघत बसतो. नांदेडला वजिराबादमध्ये, डॉक्टर लेनमध्ये काय वेगळं होतं? मीही केलंय, खोटं कशाला बोलू. एकदा तर माझ्या गाडीमुळे अॅम्ब्युलन्सला मागं घ्यावं लागलं होतं, ते आठवलं की अजून लाज वाटते. पण मग गाडी लावायची तरी कुठं, हेही कुणी सांगावं ना! गाड्या उभ्या करायच्या जागा ठरवून देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ११७ मध्ये आहे. मनाईचं जेवढं उत्साहानं होतं, तेवढं हे होत नाही.

दंडाचंही थोडं समजून घ्या. मूळ कायद्यात कलम १७७ खाली पहिल्या चुकीला शंभर रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीनं तो पाचशेपर्यंत गेला, पुन्हा चुकलात तर दीड हजारापर्यंत. महाराष्ट्रात वाढलेले दर डिसेंबर २०२१ मध्ये आले. मेसेज आल्या आल्या आपण घाबरून जी रक्कम भरतो तिला तडजोड शुल्क म्हणतात, आणि तडजोड म्हणजे चूक कबूल करून प्रकरण मिटवणं. एकदा भरलं की मग "पाटी दिसत नव्हती" म्हणायला जागा राहत नाही. म्हणून मी मैत्रिणीला पहिलं काम सांगितलं, "लगेच भरू नको. आधी चलान बघू." मात्र चलान उशाखाली ठेवून बसायचं नाही, त्यावरची मुदत पाहायची आणि त्या आत हरकत घ्यायची.

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसतं, सोबत पोलिसांनी काढलेला फोटोही. आम्ही तो मोठा करून पाहिला आणि मैत्रीण ओरडलीच. फोटोत तिची स्कूटी होती, मागं खांब होता, आणि खांबावर तो वाढदिवसाचा फ्लेक्स चेहऱ्यांसकट स्पष्ट दिसत होता. पाटी कुठंच नाही. आमचा पुरावा पोलिसांनीच काढून ठेवला होता!

तिथंच ऑनलाइन तक्रार करायची सोय आहे, ती केली. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, तक्रार अमान्य. ती लगेच म्हणाली, "जाऊ द्या ताई, भरून टाकते." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पाचशे रुपयांसाठी किती चकरा मारायच्या? रिक्षाचं भाडं आणि बुडलेला वेळ धरला तर तोटाच. पण चावी अजून कपाटातच होती ना.

मग कागदावर अर्ज लिहिला. लांबण न लावता. चलान क्रमांक, गाडी क्रमांक, तारीख, वेळ, जागा. "सदर ठिकाणी नो पार्किंगचा फलक जाहिरातीच्या फ्लेक्समागे झाकलेला होता व पुढील खांबावरील फलक अस्तित्वात नव्हता. चलानासोबतच्या छायाचित्रातही फलक दिसत नाही. तरी जागेची पाहणी करून चलान रद्द करावे." सोबत फोटो. दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. गाडी नवऱ्याच्या नावावर, म्हणून सही त्याची हवी. तो आधी कुरकुरला. मग अर्ज वाचला, फोटो पाहिले, आणि बराच वेळ काही बोललाच नाही. सही केली आणि म्हणाला, "मीबी येतो."

वाहतूक शाखेतले साहेब भले होते, पण पहिलं वाक्य ठरलेलंच. "मॅडम, कायदा माहीत नव्हता ही सबब होत नाही." मी म्हटलं, "साहेब, कायदा माहीत आहे हो. नो पार्किंगमध्ये गाडी लावू नये हे तिला पक्कं ठाऊक आहे. ही जागा नो पार्किंग आहे हे तिला कुणी सांगितलं?" मग ते म्हणाले, फ्लेक्स हा महापालिकेचा विषय. मी म्हटलं, असेल, पण दंड तुमचा आहे. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर चलानाचा फोटो मोठा केला. थोडं हसले. एका हवालदाराला जागा बघून यायला सांगितलं.

इंग्लंडमध्ये १९६७ साली अशाच प्रकारचा खटला झाला होता. मनाईची माहिती चालकाला पुरेशी कळेल अशा पाट्या लावणं हे स्थानिक प्रशासनाचं काम, ते नीट केलं नसेल तर चालकाला दोषी धरता येत नाही, असं तिथल्या न्यायालयानं म्हटलं. आपल्या न्यायालयांना तो निकाल बांधील नाही, पण युक्तिवाद कुणालाही पटण्यासारखा आहे.

साहेबांनी ऐकलं नसतं तर? चलान भरलं नाही की प्रकरण न्यायालयाकडे जातं. आभासी न्यायालयाचा मेसेज आला तर तिथं दंड भरणं किंवा खटला लढवणं असे दोन पर्याय असतात. लढवायचं म्हटलं की प्रकरण नेहमीच्या न्यायालयात येतं आणि फोटो घेऊन दंडाधिकाऱ्यांपुढं उभं राहावं लागतं. लोकअदालतीतही चलानं निघतात, पण तिथं तडजोड होते. आपलं बरोबर होतं हे सिद्ध करायची ती जागा नव्हे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज ही आमची तयारी होतीच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून विचारायचं की या रस्त्यावर पार्किंगला मनाई करणाऱ्या अधिसूचनेची प्रत द्या, आणि फलक कोणत्या तारखेला लावले ते सांगा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

गाडी उचलून नेली असेल तर गोष्ट आणखी किचकट. कलम १२७ प्रमाणे गाडी उचलायची परवानगी गणवेशातला, त्या हद्दीचा पोलीस अधिकारी देतो, टोइंगवरच्या पोरांना स्वतःच्या मनानं ते करता येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला मोटारीत बाळाला घेऊन बसलेल्या बाईसकट गाडी ओढून नेल्याचा व्हिडिओ सगळ्या वाहिन्यांवर आला होता, त्या पोलिसाला निलंबित केलं गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत दुचाकीस्वारासह दुचाकीच उचलली. अशा वेळी आवाज चढवण्यापेक्षा फोन बाहेर काढून जागेचा आणि पाटीचा फोटो घ्या.

बाराव्या दिवशी चलान रद्द झालं. मैत्रिणीनं फोन केला तेव्हा मागं कढईत काहीतरी चर्र करत होतं आणि सासूबाई विचारत होत्या, "झालं का गं तुझं काम?" चावी परत मिळाली का, असं मी विचारलं. "मिळाली की! आणि ताई, आता आरसीला माझा मोबाइल नंबर जोडायला सांगितलाय ह्यांना. पुन्हा मेसेज आला तर मलाच येऊ द्या."

परवा त्याच रस्त्यानं गेले. जुना फ्लेक्स निघालाय, पाटी आता स्वच्छ दिसते. पण पुढच्या खांबाला अजून नुसती लोखंडी पट्टीच आहे, आणि तिला नवा फ्लेक्स बांधायची तयारी चालली होती. शिडीवरच्या पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी फोटो काढून ठेवलाय.